पुठ्ठ्याखालचा माणूस

"ह्यो पुठ्ठा तेवढा काढा की, म्हंजी दिसत्याल," असं ती बाई म्हणाली आणि माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेवर तिनं बोट टेकवलं. काचेच्या आत गेल्या दसऱ्याला मी काढलेला कारखान्याचा ग्रूप फोटो लावलेला होता. मध्ये खुर्च्यांवर साहेबमंडळी, मागे उभ्या माणसांच्या तीन रांगा, आणि सगळ्यांभोवती लंबगोल कापलेला करडा पुठ्ठा. चिंचवड स्टेशनकडे जाणारे लोक थांबून तो फोटो बघतात, ओळखीचा माणूस शोधतात, सापडला की हसतात आणि चालू लागतात. वर्षभर हे चाललं होतं. पण त्या फोटोतली जी एक जागा मला ठाऊक होती आणि जिच्याकडे मी स्वतः वर्षभर बघितलं नव्हतं, नेमकं तिथंच कुणी येऊन बोट ठेवेल असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. मी शाळेच्या एका मास्तरांचे लहान फोटो कातरत होतो. कात्री मास्तरांच्या कानातून गेली. "कोण दिसतील?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. "ह्ये दत्तोबा न्हवं का," ती बोट न उचलता म्हणाली, "आन् दत्तोबाच्या पल्याड आमचं मालक. दिघीचं. तुमीच सांगितलं व्हतं त्यास्नी, पुठ्ठ्याखाली हाईसा म्हनून." नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, तेव्हा मीच म्हणालो, "भैरू?" तिनं मान हलवली. मग मला तिचं कपाळ दिसलं. त्यावर कुंकू नव्हतं.

भैरू श्रावणात गेला होता. कावीळ झाली, आळंदीच्या वैद्याकडून माळ आणली, आठ दिवस घरात पिवळा होऊन पडला आणि गेला. हे तिनं फार न रडता सांगितलं, एखाद्या शेजारणीला सांगावं तसं. नाव सोजराबाई. दिवाळीच्या आत देवघरात नवऱ्याचा टाक बसवायचा होता. सोनार चांदीचा पत्रा ठोकून मूर्ती करून देतो, घरातला गेलेला माणूस देवांच्या ओळीत जाऊन बसतो. "टाक काय वो, सोनार समद्यांचं तोंड येकच करतो," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याचं बी तसंच हाय आन् आजेसासऱ्याचं बी. म्हनून म्हनलं, फोटू असंल तर संगं ठेवावा." आणि मग ती काचेकडेच बघत बोलली, "दोन म्हयने झालं न्हाईत, आन् आत्ताच तोंड नीट येत न्हाई डोळ्याम्होरं. आठवाय गेलं की त्यांच्या भावाचंच येतंय." मी म्हणालो, आज नाही जमायचं, मूळ निगेटिव्ह शोधावी लागेल, सोमवारी या. निगेटिव्ह शोधायची नव्हतीच. ती माझ्या हाताशी, तिसऱ्या खणात, कागदाच्या पाकिटात होती, आणि ते पाकीट कुठं आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं. बाई दिघीहून भोसरीवरून चालत आली होती आणि आता पुन्हा चालत जाणार होती, पण तिनं कुरकूर केली नाही. "येते की सोमवारी," म्हणाली आणि जाताना पुन्हा एकदा पुठ्ठ्याकडे वळून बघितलं. दाराआड बसलेल्या माणसाकडे आपण बघतो तसं.

आता भिंगाचं सांगायला पाहिजे, कारण वर्षभर मी ते स्वतःला चुकीचं सांगत आलो आहे. गेल्या वर्षी भाद्रपदात कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की सगळ्या माणसांचा एक मोठा फोटो हवा, तो मुंबईच्या ऑफिसात लागणार; पाठीमागे नवी शेड आणि शेडवरचं कंपनीचं नाव दिसलंच पाहिजे. मी आवारात उभं राहून बघितलं तर माझ्या पाठीला कंपाउंडाची भिंत लागली. पुढे शेड, मागे भिंत, मधलं अंतर इतकं कमी की माझ्या नेहमीच्या भिंगातून निम्मी माणसंही मावली नसती. मावायची तर जवळून पुष्कळ बघणारं, रुंद नजरेचं भिंग पाहिजे. माझा कॅमेरा जुना, तिपाईवर ठेवायचा, भाता असलेला, फुल प्लेटचा. पूर्वी त्यात काचा घालत, आता तेवढ्याच आकाराची फिल्म घालतात. लहान कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या पुण्याच्या पोरांना मी तेव्हा हसत असे, कारण माझ्या फिल्मवर माणसाच्या डोक्यावरचा केस नि केस यायचा. असा मला गर्व होता. अजूनही असेल, सांगता येत नाही.

पुण्याला कँपात एका म्हाताऱ्या पारशाचं जुन्या सामानाचं दुकान होतं. त्यानं हिरव्या बनातीवर तीन भिंगं मांडली. पहिलं जर्मन, चामड्याच्या डबीतलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख. परदेशी माल यायचा बंद होत आलेला, त्यामुळे किंमत ऐकूनच मी ते डबीत परत ठेवलं. त्याबद्दल माझं मन मला कधी खात नाही. दुसरं पितळी, विलायती, माझ्या वडलांच्या वयाचं. तेही चारी कोपरे भरायचं, पण फार मंद. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर त्याचं चित्र इतकं अंधारं पडायचं की डोक्यावर काळं फडकं घेऊनही दोन मिनिटं डोळे सरावावे लागत, आणि फोटोला चार सेकंद तरी उजेड द्यावा लागला असता. तिसरं होतं ते चकचकीत, हातात घ्यावंसं वाटणारं, भर उजेडाचं. फक्त ते हाफ प्लेटच्या, म्हणजे निम्म्या आकाराच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेलं होतं. भिंग उजेड टाकतं तो गोल, चकतीसारखा, फिल्म चौकोनी. चकती मोठी असली तर चौकोन तिच्यात मावतो, लहान असली तर कोपरे बाहेर राहतात आणि तिथे काही म्हणजे काही येत नाही. पारशानं हे सगळं मला मोकळेपणानं सांगितलं. दुकानदारानं फसवलं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही. "भिंगाचा छेद बारीक करते तर गोल थोडा मोठा पडेल," तो म्हणाला, "पन दिकरा, कोपऱ्यामदी मानूस उभा नाय करायचा." मी हसलो. म्हणालो, कोपऱ्यात आकाश असेल, नाहीतर भिंत असेल.

घरी आल्यावर मी बायकोला, इंदूला, सांगितलं, परवडेल ते घेतलं. नंतर मित्रांना सांगितलं. मग मला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं, की गरिबानं काय करावं, गरिबाला जे परवडतं ते तो घेतो. पण पितळी भिंग त्याहून फक्त पंधरा रुपयांनी महाग होतं. पंधरा रुपये माझ्या खिशात होते. येताना मी त्यातले काही मिसळीवर आणि इंदूच्या काकणांवर उडवलेही. खरं कारण होतं ते चार सेकंद. शंभर माणसं चार सेकंद थांबणार, त्यात साहेब मान वळवणार, साहेबांचं नाक पुसट येणार आणि मुंबईच्या ऑफिसात लोक म्हणणार, कोण हो हा फोटोग्राफर? ही भीती मला होती. मधली माणसं मला लख्ख हवी होती. कडेच्या माणसांचा मी विचार केला नाही असंही म्हणता येत नाही, कारण मी तो केला होता. कँपातून परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी मनातल्या मनात रांगा लावत होतो आणि कोपरे मोकळे ठेवत होतो. खडकी येईपर्यंत सगळं छान जमलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी ते जमलं नाही. यंत्रांना झेंडूच्या माळा, आवारात पेढ्याचा आणि ग्रीसचा मिळून एक वास, साहेब खुशीत. माझ्या हिशेबानं नव्वद माणसं होती. पण पूजा झाल्यावर साहेब म्हणाले, "आज सगळेच या. रोजंदारीवालेही या. सणाचा दिवस आहे," आणि पंचवीसएक माणसं हात पुशीत आणखी आली. रांगा लांबल्या. डाव्या बाजूला लाकडी खोक्यांचा ढीग होता म्हणून तिकडे वाढायला जागा नव्हती. सगळा लोंढा उजवीकडे सरकला. मी काळ्या फडक्यात शिरलो. आत जग उलटं असतं, माणसं डोकं खाली पाय वर करून लटकलेली दिसतात. सवयीच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. गोल चकती कुठं संपते ते मला स्वच्छ दिसत होतं. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा दत्तोबा, तो कसाबसा आत होता. त्याच्या पलीकडचा, कडेचा माणूस काळोखात होता. एकच माणूस. आणखी एक बाकडं मागवून चौथी रांग केली असती तर तोही आत आला असता. पण बाकडं शेडच्या पलीकडे होतं, ऊन शेडच्या कडेवरून निघून चाललं होतं आणि साहेबांनी घड्याळ बघितलं. ह्यातलं प्रत्येक कारण खरं आहे. मी ती सगळी नीट जपून ठेवली आहेत.

त्या काळोखातल्या जागेवर तेव्हा भैरू नव्हताच. तिथे उभे होते गोदामाचे एक कारकून, आणि त्यांनी सकाळीच मला सांगितलं होतं की दोन प्रती हव्यात, एक सासुरवाडीला पाठवायची आहे. भैरू होता दत्तोबाच्या अलीकडे, पुष्कळ आत, चांगला उजेडात. मी फडक्यातून बाहेर आलो, चालत गेलो आणि भैरूचं कोपर धरलं. "भाऊ, तुम्ही जरा कडेला या," मी म्हणालो, "तुम्ही उंच आहात, कडेला शोभून दिसाल." तो काही उंच नव्हता. कारकून आत सरकले. दत्तोबा आणि भैरू दोघे दिघीचे, जोडीनं कामावर येणारे, त्यामुळे दत्तोबाशेजारी उभं राहायला मिळालं म्हणून भैरूला उलट बरंच वाटलं. त्यानं मेव्हण्याचा कोट घातला होता, बाह्या आखूड होत होत्या. पटका नवा होता. प्रत कोण घेणार आणि कोण घेणार नाही हे माणसाच्या कपड्यांवरून मला कळतं. मागून आणलेल्या कोटातला माणूस प्रत घेत नाही. मी परत फिरणार तेवढ्यात त्यानं विचारलं, "हितं मी दिसंन न्हवं?" मी म्हणालो, "दिसाल की. अगदी झकास. फक्त हलू नका." आणि तो हलला नाही. मी भिंगावरचं झाकण काढलं, मनात एक, दोन म्हटलं, झाकण लावलं. सगळे हसले, सैल झाले, पेढ्यांकडे गेले. भैरू तसाच उभा होता. दत्तोबानं त्याला सांगितलं, झालं, तेव्हा तो सुटला.

दिवाळीनंतर एकदा तो माझ्या दुकानासमोर उभा दिसला. फोटो तोपर्यंत काचेत लागला होता. लंबगोल पुठ्ठा मी मुद्दाम कापला होता. लोकांना तो फॅशनीचा वाटला आणि दोघातिघांनी आपल्या लग्नाच्या फोटोंनाही तसाच मागितला. भैरू कितीतरी वेळ उभा होता. एक एक चेहरा बोटानं मोजत शेवटपर्यंत जायचा, दत्तोबापाशी थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आपण मोजण्यात चुकतोय असं त्याला वाटत असणार. मला आत बसवेना. मी बाहेर गेलो आणि त्यानं विचारायच्या आधीच बोललो, "तुम्ही आहात हो त्यात. पुठ्ठ्याखाली आहात. पुठ्ठा गोल आहे ना, त्यात झाकले गेलात." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पुठ्ठ्याखाली व्हय!" तो हसून म्हणाला. "मंग बरं. हाय म्हंजी झालं." त्यानं तंबाखूची चंची काढली, मलाही दिली. मी तंबाखू खात नाही, पण त्या दिवशी खाल्ली. घरी जाऊन त्यानं बायकोला हे सांगितलं असणार, अगदी माझ्याच शब्दांत.

शुक्रवारी दुपारी मी डार्करूममध्ये शिरलो. डार्करूम म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली कोठी. दाराच्या फटीत इंदूचं जुनं लुगडं कोंबलं की काळोख होतो. तिथे मी आयुष्यातली चांगली वर्षं घालवली आहेत आणि कधी घाबरलो नाही, पण त्या दिवशी लाल दिवा लावताना मला नको वाटत होतं. आधी मी काचेतला फोटो सोडवून पुठ्ठा काढला. त्या कोपऱ्याकडे मी खरोखरच कधी बघितलं नव्हतं. फोटो धुऊन वाळायच्या आधीच पुठ्ठा कापून ठेवलेला होता. कोपरा काळा होता. निगेटिव्हवर तिथे फिल्म स्वच्छ होती, पाण्यासारखी. तरी मी कागद घेतला, उजेड निम्मा दिला, मग त्याच्या निम्मा. मधली माणसं भुतासारखी पांढरी होत गेली, साहेब नाहीसे झाले, कंपनीचं नाव गेलं, पण कोपऱ्यातून काही वर आलं नाही. न आलेल्या उजेडातून कुणाला काय काढता येणार? मला हे कळत होतं. तरी मी सात कागद वाया घालवले आणि प्रत्येक कागद पाण्यात हलवताना मनात म्हणत होतो, येईल, निदान मिशी येईल.

मग काचेतून काढलेल्या पहिल्या फोटोवरच मला एक हात दिसला. दत्तोबाच्या उजवीकडच्या खांद्यावर चार बोटं होती. पुठ्ठ्याची कड बरोबर त्या खांद्यावरून गेली होती म्हणून ती कुणाला कधी दिसली नव्हती. भैरूनं मित्राच्या खांद्यावर हात ठेवला होता. हात खाली आणि आतल्या बाजूला, त्यामुळे तेवढाच चकतीत सापडला. बोटं, मनगट, आखूड बाहीची कड, आणि तिथून पुढे काळोख. मी बहिर्गोल काच लावून बघितलं. नखं दिसत होती, एका नखावर काळा डाग होता, हातोडी बसल्यावर पडतो तसा. सबंध फोटोत इतकं स्थिर दुसरं काही नव्हतं. साहेबांच्या मिशीतही थोडी थरथर आहे. हा माणूस माझ्या सांगण्यावरून श्वास धरून उभा राहिला होता. मी स्टुलावर बसलो आणि मला स्वतःची किळस आली. शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही.

आणि मग एक हलकट विचार आला. फोटोवर पेन्सिल आणि ब्रश चालवणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. मी मुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवले आहेत, गेलेल्या माणसांचे मिटलेले डोळे उघडे केले आहेत आणि घरच्यांनी माझे हात धरले आहेत. मग ह्या काळोखात एक चेहरा काढायला काय हरकत आहे? बाईला नीट आठवत नाही, ती स्वतःच म्हणाली. जे मी काढीन ते ती ओळखेल, आणि हळूहळू तेच तिला आठवायला लागेल. मी पांढरा रंग कालवला, ब्रश ओला केला आणि तेव्हा मला समजलं की भैरूचा चेहरा मलाही आठवत नाही. पटका आठवत होता. कोट, कोपराचं हाड माझ्या बोटांना लागलं ते, चंचीचा दोरा, "हाय म्हंजी झालं" हे शब्द, सगळं. पण पटक्याखाली आणि कोटाच्या वर काही नव्हतं. दोनदा तो माझ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही वेळा मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. पहिल्यांदा मी जागा बघत होतो, दुसऱ्यांदा तोंड चुकवत होतो. तरी हट्टानं एक चेहरा काढला. तो गोदामाच्या कारकुनांसारखा झाला. मी तो ओल्या बोळ्यानं पुसून टाकला.

रविवारी जेवताना इंदूनं विचारलं, "त्या दिघीच्या बाईचं काय करायचं ठरवलंत?" तिला मी भिंगाचं आणि त्या हाताचं सांगितलं होतं, भैरूचं कोपर धरून त्याला कडेला नेलं ते सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "सांगून टाका की सरळ, भिंग लहान पडलं म्हणून. त्यात तुमचा काय गुन्हा?" मी विचारलं, "तेवढं सांगितलं तर पुरेल?" ती भाकरी मोडता मोडता थांबली. "आणखी काय आहे?" "काही नाही," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं, ताटात आमटी वाढली आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तो हात तरी दाखवा तिला. बाईमाणूस हात ओळखतं. चेहरा विसरेल, हात नाही विसरायची." मला हे इतकं पटलं की जेवण होताच मी उठून त्या फोटोची कड सरळ केली, डाग पुसले. उद्या सगळं सांगायचं असं ठरवलं. वाक्यंही ठरवली. बाई, तुमच्या मालकांना मी मुद्दाम कडेला उभं केलं. तिथं ते येणार नाहीत हे मला माहीत होतं. दुसऱ्या एका माणसाला दोन प्रती हव्या होत्या. चूक त्यांची नाही, माझी आहे. हा एवढा हात आला आहे, तो घ्या. चारपाच वाक्यं होती. ती म्हणताना मला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीही मला थोडी लाज वाटत होती.

सोमवारी ती दहा वाजता आली. पाय धुळीनं भरलेले, पण डोक्यावरचा पदर स्वच्छ. बसा म्हटलं तर बसली नाही. तिनं कनवटीतून एक धुतलेलं पांढरं फडकं काढलं आणि घडी उलगडून टेबलावर पसरलं. फोटो गुंडाळून न्यायला आणलं होतं, उन्हातून नेताना धूळ लागू नये म्हणून. त्या फडक्याकडे बघितल्यावर माझं पहिलं वाक्य गेलं. मी फोटो काढून तिच्यासमोर धरला, पुठ्ठा नसलेला. ती पुढे वाकली. मधली सगळी माणसं ओलांडून तिची नजर सरळ दत्तोबावर गेली आणि तिथून पुढे सरकली आणि थांबली. "ह्ये काळं काय हाय?" तिनं विचारलं. मी तोंड उघडलं. आता, असं मला स्पष्ट वाटलं, आता बोललास तर बोललास. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत संशय असा नव्हताच. असता तर मी बोललो असतो, असं मी अजून स्वतःला सांगतो.

"ते हलले," मी म्हणालो.

माझा आवाज मला धंद्यातला वाटला, गिऱ्हाइकाला समजावतानाचा. "फोटो घेताना माणूस हललं, बाई, की ते येत नाही. पुसलं जातं. सगळ्यांना सांगितलं होतं हलू नका म्हणून, पण..." बोलता बोलता माझा अंगठा फोटोवर सरकला आणि दत्तोबाच्या खांद्यावर जाऊन बसला. मी तो तिथे ठेवला असं नाही, आणि ठेवला नाही असंही नाही. खांद्यावरची ती चार बोटं, इतकी रेखीव, नखासकट, ती हललेल्या माणसाची नव्हती. तिला त्यातलं काही समजलं नसतं, मला समजत होतं. जे एवढंसं त्याचं उरलं होतं आणि जे मी तिला द्यायचं म्हणून काल कड सरळ करून ठेवलं होतं, ते मी अंगठ्याखाली दाबून धरलं होतं.

ती बराच वेळ त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांवर अगदी थोडं हसू आलं, जुनं, घरातलं. "हाललं आसत्याल," ती म्हणाली. "तसंच व्हते ते. येका जागी कवा थांबले म्हनून न्हाईत. मी सकाळी कोट घालताना बजावलं व्हतं वो, म्हनलं नीट हुबं ऱ्हावा, चारचौगात हसं करू नगा." तिनं फडक्याची घडी घातली, पुन्हा पहिल्यासारखी, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि कनवटीला खोचली. मी फोटो तसाच धरून होतो. अंगठा दुखायला लागला होता. दाराशी गेल्यावर ती वळली, काहीतरी राहून गेल्यासारखी परत दोन पावलं आत आली आणि तिनं हात जोडले.

"येवढ्या मोठ्या सायबाचा फोटू, आन् त्यांच्यापायी तुमचा कोपरा नासला," ती म्हणाली. "तुमास्नी बोल लागला आसंल. चुकी झाली त्यांची, दादा. गेलेल्या मानसावर राग धरू नगा."

"असू दे," मी म्हणालो.